अकरावीतल्या मुलाला घेऊन कॉलेजं बघायला निघताना

थोरलीच्या ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीत, एप्रिलच्या सुट्टीत, आम्ही तीन दिवसांत सात कॉलेजं केली. ‘केली’ हाच शब्द बरोबर, कारण अष्टविनायक उरकतात तशी ती आम्ही उरकली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी एका सभागृहात ॲडमिशन ऑफिसरबाई पडद्यावर आकडे दाखवत होत्या आणि लेक बसल्याजागी झोपली होती. एडिसनला घरी परतल्यावर घड्याळाचा मनोरा कुठे होता आणि बदकांचं तळं कुठे, यावर आम्हा तिघांची तीन मतं. फोनमध्ये चारशे फोटो, आणि सगळ्यांत त्याच लाल विटा.

धाकट्याच्या वेळी फेब्रुवारी ते जून मिळून सहाच कॉलेजं पाहिली. प्रत्येकाबद्दल त्याला काहीतरी सांगता येत होतं, कधी चांगलं, कधी ‘इथे मी मरेन’. मधल्या काळात जे उमगलं ते इथे क्रमाने मांडते. आम्ही न्यू जर्सीवाले, म्हणून गावं इकडची आहेत. टेक्सास किंवा बे एरियात राहत असाल तर नावं बदला, रीत तीच.

गाडी काढण्याआधी पैशांचं बोला

आपल्या घरांत हे उलट होतं. आधी कॉलेज बघायचं, मुलाचा जीव जडू द्यायचा आणि मार्चमध्ये ॲडमिशनचं पत्र आलं की बाबांनी कॅल्क्युलेटर काढायचा. मग घरात जो अबोला पसरतो तो मी दोन मैत्रिणींच्या घरी पाहिलेला आहे.

२०११ सालापासून जवळजवळ प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुमच्या घराला किती खर्च येईल ते सांगणारं साधन) ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. यादीतल्या प्रत्येक कॉलेजसाठी तो भरा. एकेकाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. उत्तर अंदाजे असतं, पण कोणतं कॉलेज आवाक्यात आहे आणि कोणतं नाही एवढं त्यातून कळतं. आणखी एक गोष्ट फार उशिरा कळते: फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, ज्या वर्षाचं उत्पन्न विचारतो, ते दहावीच्या मधल्या जानेवारीत सुरू होऊन अकरावीच्या मधल्या डिसेंबरात संपतं. म्हणजे ज्युनियर इयरच्या एप्रिलमध्ये तुम्ही टॅक्स भरत असता, तेव्हा समोर असलेले आकडे हेच ते आकडे. त्याच आठवड्यात कॅल्क्युलेटर भरून टाका.

आयव्ही लीगची (हार्वर्ड, प्रिन्स्टन, कॉर्नेल अशी जुनी, नामांकित) आठही कॉलेजं गुणवत्तेसाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, जी मदत मिळते ती फक्त उत्पन्न आणि मालमत्ता बघून. ‘पोरगी हुशार आहे, काहीतरी स्कॉलरशिप देतीलच’ हे तिथे चालत नाही. आणि ५२९ खात्यातल्या (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचतीतल्या) पैशांतून या फेऱ्यांचा पेट्रोल-हॉटेलचा खर्च करू नका, तो पात्र खर्चात धरला जात नाही.

बोलायचं कसं? आम्ही धाकट्याला एक आकडा सांगितला: वर्षाला आम्ही एवढे देऊ शकतो, त्यावरचं कर्ज किंवा शिष्यवृत्ती. त्याचा चेहरा दोन मिनिटं पडला. मग तो स्वतःच उठून यादीतली दोन नावं खोडून आला.

व्हिसावर असाल तर हा भाग आधी वाचा

मूल इथे जन्मलेलं असेल तर तुम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असलात तरी त्याला फॅफ्सा भरता येतो, तिथे मुलाचं नागरिकत्व बघतात. मूल एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर फॅफ्सा नाही. राज्याच्या विद्यापीठात इन-स्टेट फी (त्या राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) लागेल की नाही हे राज्याराज्यावर आणि विद्यापीठावर अवलंबून असतं. काही खासगी कॉलेजं अशा मुलांना आर्थिक मदतीच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. ही चौकशी गर्दीतल्या माहितीसत्रात हात वर करून करू नका. ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या.

एच-४ वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की संपतो, म्हणजे बहुतेक मुलांना कॉलेजच्या मध्यावर एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) जावं लागतं. शिवाय एच-४वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही. ड्रेक्सेल किंवा नॉर्थईस्टर्न बघायला जाल तेव्हा टूरमध्ये सहा-सहा महिन्यांच्या को-ऑपचं (शिक्षणाचाच भाग असलेल्या पगारी नोकरीचं) कौतुक ऐकाल. ते ऐकताना हा मुद्दा डोक्यात ठेवा आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन व्हिसा कधी बदलावा लागेल ते विचारा. ते ऑफिस टूरमध्ये दाखवत नाहीत, शोधावं लागतं.

पहिली तीन कॉलेजं घराजवळची, आणि तीन तऱ्हांची

सतरा वर्षांच्या पोराला ‘तुला कसलं कॉलेज हवंय?’ विचारलं तर तो खांदे उडवतो. त्याला माहीतच नसतं, कारण त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून सुरुवातीला नावाकडे बघू नका, प्रकाराकडे बघा. एक अवाढव्य सरकारी, एक शहरातलं, एक छोटं. आमच्यासाठी रटगर्स, फिलाडेल्फियातलं ड्रेक्सेल आणि ईस्टनचं लाफायेत. तिन्ही सकाळी निघून रात्री घरी जेवायला येण्याच्या अंतरावर.

रटगर्सच्या न्यू ब्रन्स्विकला पन्नास हजारांच्या घरात विद्यार्थी आहेत आणि कॅम्पस रॅरिटन नदीच्या दोन्ही काठांवर विखुरलेला. कॉलेज ॲव्हेन्यूवरचा वर्ग संपवून बसने नदीपलीकडे बुश कॅम्पसला जायचं, हे तिथलं रोजचं जगणं. आम्ही टूर झाल्यावर त्या बसमध्ये बसलो. दुपारची वेळ, उभं राहायला जागा नाही, एका मुलीच्या हातातला कॉफीचा कप धाकट्याच्या बाहीवर. त्याला ती गर्दी आवडली! मला वाटलं होतं तो वैतागेल. उलट लाफायेतला, जिथे तीन हजारांच्या आत विद्यार्थी आहेत, तो म्हणाला, ‘आई, इथे सगळे सगळ्यांना ओळखत असणार.’ त्याच्या तोंडून ती तक्रार होती. माझ्या मैत्रिणीच्या लेकीला नेमकं तेच हवं होतं. घरापासून तासाभरावरच्या दोन फेऱ्यांत एवढं कळलं, तेही हॉटेलच्या खर्चाशिवाय.

घराजवळचं कॉलेज ‘आपलंच आहे, बघायचं काय त्यात’ म्हणून सोडू नका. रटगर्सला आपली निम्मी ओळखीची मुलं असतात, म्हणून मुलांना ते बारावीचा पुढचा वर्ग वाटतं. टूर घेतल्याशिवाय ते मत बदलत नाही.

तारखा

पहिला नियम: कॉलेज भरलेलं असताना जा. कॉलेजांची वसंताची सुट्टी बहुधा मार्चमध्ये येते आणि आपल्या शाळांची बरेचदा एप्रिलमध्ये, त्यामुळे एप्रिल बरा. पण प्रत्येक कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर उघडून तारीख पडताळा. मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी (शाळेतल्या कॉलेजपातळीच्या विषयांच्या) परीक्षा असतात आणि कॉलेजांतही परीक्षांचा मोसम सुरू होतो, तेव्हा जाऊ नका.

एप्रिलची एक अडचण मात्र आहे. त्याच महिन्यात कॉलेजं प्रवेश मिळालेल्या सिनियर, म्हणजे बारावीतल्या मुलांसाठी खास दिवस ठेवतात. त्या दिवशी फुगे, टीशर्ट, बँड असं लग्नघर असतं, ज्युनियरला तिथे कोणी विचारत नाही. तो दिवस टाळा.

शाळेच्या सुट्ट्यांतल्या फटी शोधा. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेला शाळा बंद असते, पण बऱ्याच कॉलेजांत वर्ग चालू असतात. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात, तेव्हा झाडंही रंगलेली. याशिवाय कॉलेज भेटीसाठी शाळा काही गैरहजेऱ्या माफ करतात. आमच्या शाळेत वर्षाला तीन दिवस मिळाले, फक्त ॲडमिशन ऑफिसकडून भेटीचं पत्र आणावं लागलं. ते निघण्याआधीच काउंटरवर मागून घ्या. आम्ही एकदा विसरलो आणि महिनाभर ईमेल करत बसलो.

उन्हाळ्यात गेलं तर? चालेल, पण ते लग्न लागून गेल्यावर मांडव बघायला जाण्यासारखं. इमारती दिसतात, माणसं नाहीत. लांबची कॉलेजं उन्हाळ्यावर टाका, जवळची नको.

नोंदणी मुलाच्या नावाने, मुलाच्या ईमेलने

इथे आपण आयाच चुकतो. लॅपटॉप उघडा असतो, म्हणून पटकन आपलंच नाव टाकून मोकळ्या होतो. काही कॉलेजं अर्जदाराने किती रस दाखवला याची नोंद ठेवतात: टूरला आला का, सत्राला बसला का, ईमेल उघडली का. नोंद मुलाच्या नावाने झाली तरच उपयोग. आणि हे सगळीकडे लागू नाही. एमआयटी, स्टॅनफर्ड, कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं याला महत्त्व देत नाहीत. तुमच्या यादीतलं कॉलेज काय करतं ते त्याच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेजं ठरावीक नमुन्यात प्रसिद्ध करतात त्या माहितीत) सी-७ या तक्त्यात लिहिलेलं असतं. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असं गुगल करा, बहुतेकांची पीडीएफ सापडते. त्याच तक्त्यात निबंध, शिफारसपत्रं, पालक माजी विद्यार्थी असणं यांना किती वजन आहे तेही दिसतं. पालकांनी वाचायचा एकच कागद निवडायचा झाला तर मी हाच निवडेन.

सुट्टीच्या आठवड्यातल्या टूर महिना-दीड महिना आधी भरतात. भरल्या असल्या तरी अधूनमधून बघत राहा, आदल्या दोन-तीन दिवसांत लोक रद्द करतात. इंजिनिअरिंग, नर्सिंग, बिझनेस यांच्या वेगळ्या टूर असतात, त्यांची नोंदणी वेगळी आणि वार ठरलेले. त्याच जास्त कामाच्या.

कॉम्प्युटर सायन्सवाल्यांसाठी एक तळटीप, कारण आपली निम्मी मुलं त्याच रांगेत. हा विषय कुठे इंजिनिअरिंगमध्ये असतो, कुठे आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये. रटगर्सला तो आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये आहे. इलिनॉय अर्बाना-शँपेनसारख्या ठिकाणी थेट त्या विषयाला प्रवेश मिळाला नाही, तर आत गेल्यावर बदलून मिळणं फार अवघड. ‘आधी आत शिरू, मग बघू’ हे गणित कुठे जमतं आणि कुठे नाही, हे प्रत्येक ठिकाणी विचाराच.

प्रत्यक्ष दिवस

दिवसाला एक कॉलेज. फार तर दोन, तेही तासाभराच्या अंतरात असतील तर. लाफायेत आणि बेथलहेमचं लीहाय एका दिवसात होतात, पण लीहाय डोंगरउतारावर आहे. दुपारी तिथे चढून माझे गुडघे बोलायला लागले होते. साधारण तासभर माहितीसत्र, सव्वा तास चालणं, शोधाशोध आणि पार्किंग मिळून अर्धा दिवस जातो. न्यू यॉर्क राज्यातल्या इथाकाला कॉर्नेल बघायचं असेल तर एडिसनहून चार तास गाडी, म्हणजे रात्रीचा मुक्काम धरा. आणि तिथला चढ आणि वारा एप्रिलमध्येही कडक असतो, टोपी घ्या.

दोन्ही पालकांनी जायलाच हवं असं नाही. एकाने एक फेरी, दुसऱ्याने दुसरी. मूल एकट्या पालकाशी जास्त बोलतं.

पोचल्यावर सगळ्यात आधी कॉलेजच्या नावाच्या पाटीचा फोटो काढा. मग घरी फोटो वेगळे करता येतात. हा शहाणपणा चारशे लाल विटांतून आला.

टूरमध्ये मुलाला पुढे पाठवा आणि तुम्ही शेपटाला राहा. गाइड हा एक विद्यार्थी असतो, उलटा चालत बोलणारा. तो गोष्टी सांगणार: प्रिन्स्टनला पदवी मिळायच्या आत फिट्झरँडॉल्फ फाटकातून बाहेर पडायचं नाही, पेनला (युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाला) पहिल्या परीक्षेआधी लोकस्ट वॉकवरच्या दिशाचक्रावर पाय ठेवायचा नाही. ऐकायला मजा येते, निर्णयाला उपयोग शून्य. तसेच ते निळ्या दिव्याचे आपत्कालीन खांब, प्रत्येक टूरमध्ये दाखवतात. सुरक्षिततेचं खरं बघायचं असेल तर प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, तो घरी वाचा. आणि तिथे विचारा की रात्री लायब्ररीतून डॉर्मला जायची बस किती वाजेपर्यंत असते.

प्रश्न कोणी विचारायचे? मुलाने. थोरलीच्या वेळी आमच्या ह्यांनी भर सभागृहात ‘प्लेसमेंट किती टक्के?’ असं विचारलं आणि लेकीने हुडी नाकापर्यंत ओढली. प्रश्न वाईट नव्हता, पण अपुरा होता. ‘इतके टक्के मुलांना नोकरी’ असं सांगतात तेव्हा एकूण किती मुलांनी माहिती कळवली, हे विचारल्याशिवाय त्या टक्क्याला अर्थ नसतो.

सगळ्यात चांगला प्रश्न मात्र माझ्या सासूबाईंनी विचारला. त्या सांगलीहून आल्या होत्या, घरी एकट्या कशाला म्हणून बरोबर घेतलं. डॉर्मची खोली दाखवत होते. गाइड पलंगाखालच्या जागेचं वर्णन करत होती आणि आईंनी नातीच्या कानात विचारलं, ‘अगं, एका न्हाणीघराला पोरी किती?’ नातीने लाजत भाषांतर केलं. गाइड थांबली, हसली आणि मग पुढची पाच मिनिटं तिने जे सांगितलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं: बाथरूम कोण साफ करतं, शनिवार-रविवारी करतात का, कुठल्या डॉर्ममध्ये एसी नाही, दुसऱ्या वर्षी घर मिळतं की बाहेर शोधावं लागतं आणि त्याचं भाडं किती. मागच्या सगळ्या आया वह्या काढून लिहायला लागल्या.

टूर संपली की खरी भेट सुरू

बहुतेक कुटुंबं इथे गाडीकडे वळतात. तुम्ही दीड-दोन तास थांबा. बऱ्याच डायनिंग हॉलमध्ये पाहुण्यांना दारात पैसे देऊन जेवता येतं. घरी शाकाहार असेल तर हे कराच. ‘व्हेजिटेरियन ऑप्शन्स आहेत’ म्हणजे कधी रोज ताजी डाळ-भात-भाज्या, तर कधी तीन प्रकारचं लेट्यूस. दशम्यांचा डबा गाडीतच राहू द्या.

मुलाला म्हणा, तू जा, तासाभराने भेटू. त्याने ज्या विषयाला अर्ज करायचा त्या विभागाच्या इमारतीत चक्कर मारावी. प्रयोगशाळांत पोरं आहेत का, दारांवर प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा लावल्यात का, फलकावर संशोधनासाठी मुलं हवीत अशा चिठ्ठ्या आहेत का. कॉलेजचं विद्यार्थी-वृत्तपत्र वाचावं, रटगर्सचं डेली टार्गम, कॉर्नेलचं डेली सन. ॲडमिशन ऑफिस जे सांगत नाही ते तिथे छापलेलं असतं: फीवाढ, घरांची टंचाई, बंद पडलेला विभाग.

आणि गाइड नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून दोन प्रश्न. हवे ते कोर्स मिळाले का? मागच्या शनिवारी काय केलंस? दुसऱ्याच्या उत्तरातून कळतं की शुक्रवारी संध्याकाळी अर्धा कॅम्पस कपड्यांची बॅग घेऊन घरी जातो की नाही. बोलायला बुजत असेल तर आपल्या महाराष्ट्र मंडळातून, मराठी शाळेतून आधीच कोणी ताई-दादा शोधून ठेवा. गणपतीत ढोल वाजवणारी मुलं कुठल्या ना कुठल्या कॉलेजात असतातच, आणि ती स्पष्ट बोलतात.

परतीच्या गाडीत तोंड बंद

हे मला सगळ्यात जड गेलं. गाडीत बसताच मी म्हणायची, ‘किती सुंदर होतं ना!’ आणि तिथेच थोरलीचं मत संपायचं. धाकट्याच्या वेळी नियम केला: पहिला अर्धा तास त्याने वहीत लिहायचं, आम्ही गप्प. आमचं मत दुसऱ्या दिवशी, तेही विचारलं तर.

त्याच्या वहीतल्या ओळी अशा: ‘लायब्ररीचा चौथा मजला, खिडकी, नदी. रोबॉटिक्सची लॅब रात्री अकरापर्यंत उघडी. पास्ता वाईट. माणसं बरी.’ शिकवणीच्या निबंधासारखं काही नाही. पण बारावीच्या ऑक्टोबरमध्ये ‘आमचंच कॉलेज का?’ हा पुरवणी निबंध समोर आला तेव्हा त्या लॅबवरून त्याला सुरुवात सापडली. ज्यांनी लिहिलं नव्हतं ते त्याचे मित्र वेबसाइटवरून वाक्यं उचलत होते.

लांबची कॉलेजं

कॅलिफोर्निया किंवा मिडवेस्टला अकरावीत विमानाने जाऊ नका, लग्नाला किंवा नातेवाइकांकडे जाणार असाल तर गोष्ट वेगळी. व्हर्च्युअल टूर करा, अर्ज करा, प्रवेश मिळाला तर एप्रिलमध्ये तिकीट काढा, उत्तर द्यायला साधारण १ मेपर्यंत वेळ असतो. उत्पन्न कमी असेल तर काही कॉलेजं स्वतःच्या खर्चाने मुलांना बोलावतात, त्याचे अर्ज अकरावी-बारावीच्या मधल्या उन्हाळ्यात असतात. शाळेच्या काउन्सेलरला मेमध्येच विचारा.

अपवाद एकच, अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर टाकलेला बांधील अर्ज. मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, आणि तो करार असतो. त्यावर मुलाबरोबर तुमची आणि काउन्सेलरची सही लागते, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. ज्या कॉलेजला अर्ली डिसिजन टाकायचंय ते ऑक्टोबर संपायच्या आत पुन्हा एकदा बघा, आठवड्यातल्या साध्या दिवशी, टूरशिवाय. धाकट्याने दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा पाऊस पडत होता, बस वीस मिनिटं आली नाही आणि तो थांब्यावर भिजत उभा राहून म्हणाला, ‘चालेल.’ आम्ही त्याच आठवड्यात सही केली.